ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन क्रूझ: कोणाला अनुभव आहे का?

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. दीर न्यू जर्सीला असतात. हॉल, जेवणावळी वगैरे करण्यापेक्षा सगळ्या घराने मिळून तिथल्या बेयॉन बंदरातून बर्म्युडा बेटाची क्रूझ करायची, असं त्यांनी ठरवलंय. पाच रात्री. सगळे खूश आहेत, जाऊबाईंनी तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावही बदलून टाकलं. गप्प आहे ती एकटी मी.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. बोलतो अगदी थोडं, बाकी टॅबवर चित्रं दाबून सांगतो. पाणी म्हणजे जीव की प्राण. पण आवाज सहन होत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मला त्याला गॅलरीत न्यावं लागतं. गणपतीत ढोलताशाची मिरवणूक आमच्या रस्त्यावर यायच्या आत आम्ही गाडी काढून येऊरला जाऊन बसतो. खाणं म्हणजे मऊ भात, पिवळं वरण, तूप आणि एकाच कंपनीची बिस्किटं. दार उघडं दिसलं की सुसाट पळतो. चढतोही.

सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, "पाच दिवस त्याला तुझ्या आईकडे ठेव की, तुलाही आराम." त्यांचा हेतू वाईट नाही. पण कुटुंबाचा फोटो निघणार आणि त्यात तो नसणार, हे मला नको आहे.

तर विचारायचं असं की जहाजावर आवाज कितपत असतो? बाल्कनीची खोली घ्यावी का? मुलांचा क्लब असतो म्हणतात, तिथे असं मूल घेतात का? आणि आधी सराव म्हणून मुंबई-गोवा क्रूझ करून बघण्यात अर्थ आहे का?

प्रवासी_पक्षी

ताई, कशाला एवढा त्रास घेता? महाबळेश्वरला एक बंगला घ्या, सगळे एकत्र राहा. मूल खूश, तुम्ही खूश, खर्चही कमी.

अनघा_ठाणे

बंगले माहीत आहेत हो. क्रूझबद्दल विचारलंय.

मुक्ता_एनजे

अनघा, जा तू. माझी लेक १२ वर्षांची आहे, तिलाही ऑटिझम आहे, आणि आम्ही बेयॉनहूनच बर्म्युडाला गेलोय. खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांना विमान-हॉटेल-टॅक्सीच्या सहलीपेक्षा जहाज सोपं जातं. का, तर खोली बदलत नाही. गाव बदलतं, पण बिछाना, बाथरूम, जेवणाचं टेबल तेच. लेकीला रोज संध्याकाळी "आपल्या" खोलीत परत यायला मिळतं, तिला तेवढं पुरतं.

पैसे भरायच्या आधी एक काम कर. रॉयल कॅरिबियनचा (बेयॉनहून जहाजं सोडणारी क्रूझ कंपनी) स्पेशल नीड्सचा फॉर्म असतो, तो दिराकडून भरून घे आणि दोनेक महिने आधी त्यांच्या अ‍ॅक्सेस विभागाकडून लेखी उत्तर मागव. फॉर्ममध्ये नुसतं "ऑटिझम" लिहू नकोस, त्यावरून कोणालाच काही कळत नाही. "भोंग्याच्या आवाजाने कान झाकून पळतो, रांगेत दहा मिनिटांच्या वर थांबू शकत नाही, उघड्या दारातून निघून जातो" असं लिही. चढताना-उतरताना प्राधान्य मिळतं, पण ते मागावं लागतं, आपोआप कोणी देत नाही.

बेयॉनचं टर्मिनल म्हणजे मोठा, घुमणारा हॉल. चढायच्या दिवशी तोच भाग सगळ्यात अवघड. सामान हमालाकडे दिलं की ते खोलीत संध्याकाळीच येतं, त्यामुळे हेडफोन, औषधं, टॅब, बिस्किटं, पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेव. पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं. तिकडे फिरकूच नकोस. सोबतची बिस्किटं दे आणि खोली मिळेपर्यंत एखादा शांत कोपरा धर.

टॅबचं ॲप इंटरनेटशिवाय चालतं का ते घरीच विमान मोड लावून बघ. वायफायचे पैसे वेगळे असतात, आणि भर समुद्रात पोराचा आवाजच बंद पडला तर काय करणार?

मुलांचा क्लब (अ‍ॅडव्हेंचर ओशन) ३ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. गट वयाप्रमाणे असतात, पण आपल्या मुलांना क्षमतेप्रमाणे लहान गटात बसवतात, ते विचार. मात्र तिथे एका मुलामागे एक माणूस नसतो. सुसाट पळणाऱ्या मुलासाठी मी त्यावर विसंबणार नाही. 'ऑटिझम ऑन द सीज' नावाची संस्था २००७ पासून ठरावीक फेऱ्यांवर स्वतःचे प्रशिक्षित लोक घेऊन जाते, पण बुकिंग त्यांच्यामार्फत करावं लागतं आणि खर्च वाढतो. तुमच्याबरोबर तर अख्खं खटलं आहे. काका, काकू, आजोबा यांना आत्ताच तासांच्या पाळ्या लावून दे. तुझ्या नावाची पाळी कधी नाही, तेही त्यात लिही.

पोहण्याबद्दल: शी-शूचं पूर्ण वळण नसेल तर मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर घालूनही नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना सीडीसीचा (तिथली सरकारी आरोग्य संस्था) तसा नियमच आहे. तुझ्या लेकाचं काय आहे माहीत नाही, पण पाण्याकडे बोट दाखवून "नाही" म्हणायची वेळ येणार असेल तर आधी कळलेलं बरं.

जेवण सोपं आहे. बुकिंगच्या वेळी लवकरची ठरलेली पंगत घ्या, म्हणजे रोज तेच टेबल, तोच वेटर. पहिल्याच रात्री हेड वेटरला साधा भात आणि बिनफोडणीचं वरण सांगून ठेव. आमचा वेटर मडगावचा निघाला. त्याने भात आणखी शिजवून अगदी पेजेसारखा करून आणला आणि रोज न सांगता आणत राहिला. तूप मात्र एडिसनला पटेल ब्रदर्समधून सीलबंद घे. घरचा डबा वर नेऊ देत नाहीत, कंपनीचं बंद पाकीट चालतं. किटली, राइस कुकर न्यायचं मनातही आणू नकोस, काढून घेतात.

बर्म्युडाला जहाज किंग्ज व्हार्फच्या धक्क्यालाच लागतं, छोट्या बोटीत उतरायची भानगड नाही. वाटलं तर उतरा, नाही वाटलं तर नका. सगळे गावात गेले की तलाव रिकामा असतो. लेकीचे सगळ्यात आनंदाचे तास तेच होते, आणि मला गुलाबी वाळू न बघितल्याचं काडीचंही दुःख नाही. तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं. औषधं वेळेवर द्यायची असतील तर फोनच्या भरवशावर राहू नकोस, साधं मनगटी घड्याळ घाल.

व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा, कारण तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येणार.

डेकखालचा

मी रत्नागिरीचा. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता निवृत्त. मुलांच्या बाबतीत मला अक्कल नाही, जहाजाच्या बाबतीत थोडी आहे.

आवाजाचं सांगतो. धोक्याचा इशारा म्हणजे सात लहान भोंगे आणि एक लांब. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, तेव्हा नव्याने चढलेल्या लोकांची आणीबाणीची कवायतच झालेली नव्हती. पूर्वी २४ तासांच्या आत घेतली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. यातून सूट मिळत नाही, मागूही नका, मुलाला जागा माहीत हवीच. आता बऱ्याच कंपन्यांत फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर (आणीबाणीत जमायची जागा) जाऊन हजेरी लावून यायची, एवढंच असतं. गर्दीच्या आधी जाऊन या. तरी भोंगा वाजवून दाखवतीलच असं धरून चाला. वेळ रिसेप्शनला विचारा आणि त्याआधी हेडफोन चढवा.

दुसरा आवाज कोणी सांगत नाही. खलाशांची स्वतःची आग-बोटीची कवायत प्रवासी जहाजावर दर आठवड्याला असते, आणि ती बहुधा बंदरात, प्रवासी खाली गेलेले असताना घेतात. मुक्ताताई म्हणतात तसं तुम्ही शांततेसाठी वर थांबाल आणि नेमक्या त्याच वेळी घंटा सुरू होतील. सकाळी उठल्याबरोबर विचारून घ्या, "आज क्रू ड्रिल किती वाजता?"

तिसरा आवाज संडासाचा. व्हॅक्यूमवर चालतो. झाकण बंद करायचं, पोराला बाहेर पाठवायचं, मग बटण दाबायचं.

खोली जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. वर तलाव किंवा बुफे नको, खाली नाचाचा हॉल नको. अगदी नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, तर नकोच. पहाटे धक्क्याला लागताना बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला सरकवणारे पंखे) चालतात तेव्हा पलंगसुद्धा थरथरतो. चढणारं पोर आहे म्हणता, मग बाल्कनी कशाला? न उघडणारी मोठी खिडकी घ्या. तोच समुद्र दिसतो.

खोलीचं दार आतून सहज उघडतं, तसंच ते असावं लागतं. दाराला लावायचा लहान बॅटरीचा अलार्म घेऊन जा. दारं-भिंती बहुतेक लोखंडी असतात, लोहचुंबक चिकटतो. बाहेरून त्याच्या आवडीचं चित्र लावा. शंभर दारं एकसारखी असतात, मोठी माणसंही चुकतात.

मुंबई-गोव्याबद्दल. तिथे जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडेच होतं. साधारण ४८ हजार टनाचं. बेयॉनहून सुटणारी जहाजं तिच्या तिप्पट आणि त्याहूनही मोठी. त्यामुळे डोलण्याचा सराव म्हणून जाऊ नका, दोन्हींची तुलनाच नाही. भोंगा, अरुंद खोली, संडास, लिफ्टमधली गर्दी यांचा सराव म्हणून जरूर जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी. शनिवार-रविवारी पार्टीवाली मंडळी जास्त. लक्षद्वीपची फेरी नको, तिथे जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं.

बर्म्युडाच्या वाटेवर गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह ओलांडावा लागतो, तिथे थोडं हलेल. वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, पण खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनची सुरुवात ठीक.

ओटी_कोथरूड

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, दोनच गोष्टी जोडते. लहान मुलांच्या मनगटाला मस्टर स्टेशनचा पट्टा बांधतात. ज्याला शर्टाचं लेबलसुद्धा टोचतं तो पट्टा ओरबाडणारच, म्हणून निघण्याआधी काही आठवडे घरी कागदी पट्ट्याची सवय लावा. लाइफ जॅकेटचीही तशीच, घरच्या टबात किंवा क्लबच्या तलावात, हसत-खेळत. आणि ॲव्होमीन (मळमळीची गोळी) आपल्या मनाने देऊ नका. गुंगी आणतं, आणि आपल्या बऱ्याच मुलांची आधीच औषधं चालू असतात. न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.

अनघा_ठाणे

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू? कवायतीचं आणि संडासाचं मी स्वप्नातही धरलं नव्हतं. दिवसा शी-शूचं वळण आहे, त्यामुळे तलावाची काळजी मिटली. मार्चमध्ये मुंबई-गोवा नक्की करतोय, आम्ही तिघं आणि सासूबाई. त्यांना मुद्दाम घेतलंय. मुक्ता, पाळ्यांचा तक्ता काल ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा सासऱ्यांचा आला, जाऊबाईंचा अजून यायचाय.

डेकखालचे काका, दिरांनी जहाजाचा नकाशा पाठवलाय. खिडकीच्या दोनच खोल्या उरल्यात. एक आठव्या मजल्यावर, मध्याच्या जरा पुढे, वर-खाली खोल्या, पण समोर लिफ्ट. दुसरी तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर जेवणाचा हॉल. दिरांना दुसरी बरी वाटते, स्वस्त आहे म्हणून.

डेकखालचा

पहिली. वर जेवणाचा हॉल असला की पहाटेपासून खुर्च्या ओढतात, आणि मागच्या बाजूला इंजिनाची घरघर येते. ती आम्हाला अंगाईसारखी वाटायची, तुमच्या पोराला वाटेलच असं नाही. लिफ्टसमोरून मात्र जरा बाजूची मिळते का विचारा. पळणाऱ्याच्या दारात लिफ्ट नको.

अनघा_ठाणे

विचारलं. त्याच मजल्यावर चार दारं पलीकडची एक रद्द झालीय म्हणे. उद्या पैसे भरतायत.