मदत हवी आहे: शेवंडीची पिल्ले एकत्र राहतात ती सोबतीसाठी की जागेच्या टंचाईमुळे?

नमस्कार. फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रात आढळणाऱ्या पॅन्युलिरस आर्गस या शेवंडीवर लेख लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहिलेली तिची अळी पारदर्शक रूप घेऊन किनाऱ्याकडे येते आणि लॉरेन्सिया या तांबड्या शैवालाच्या झुबक्यांत उतरते. तेथे पाठीच्या कवचाची लांबी साधारण १५ मिलिमीटर होईपर्यंत पिल्लू एकटेच राहते. पुढे मात्र ते शैवाल सोडून स्पंजाखाली किंवा खडकाच्या कपारीत शिरते आणि तेथे बरीच पिल्ले एकाच आडोशाला दाटीने बसलेली आढळतात. हा खरोखर सामाजिक स्वभाव मानावा, की आडोसे कमी पडल्यामुळे झालेली गर्दी? मोठ्या नांग्यांच्या अमेरिकन लॉबस्टरची पिल्ले दगडगोट्यांच्या फटींत एकएकटी राहतात, म्हणून हा प्रश्न पडला.

प्रतिसाद: टंचाईचा वाटा नाकारता येणार नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडा उपसागरात सूक्ष्म शैवाल माजून स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा पिल्लांना उरलेल्या आडोशांकडे वळावे लागले होते. परंतु केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. शैवाल सोडलेल्या पिल्लाला स्वजातीयांचा वास पाण्यातून ओळखता येतो आणि त्या वासाच्या मागावर गेल्यास आडोसा लवकर सापडतो. उघड्या तळावर भटकण्याचा वेळ वाचणे हाच, माझ्या मते, एकत्र येण्याचा मुख्य लाभ असावा. याहून बोलका पुरावा रोगाचा आहे. पीएव्ही१ हा विषाणू प्रामुख्याने पिल्लांनाच ग्रासतो, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निरोगी शेवंडी बाधित शेवंडीबरोबर आडोसा वाटून घेण्याचे टाळतात, तेही तिच्यापासून संसर्ग पसरू लागण्याच्या आधीपासून. निव्वळ नाइलाजाने जमलेल्या गर्दीत अशी निवड दिसली नसती.

मूळ प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग शैवालातल्या पिल्लांना हाच वास का खेचत नाही?

प्रतिसाद: त्या वयात त्यांना आडोसा शोधायचाच नसतो. शैवालाशी मिळताजुळता रंग त्यांना लपवतो आणि खाद्यही त्याच झुबक्यात मिळते. वासाकडे ओढा निर्माण होतो तो शैवाल सोडण्याच्या सुमारास, म्हणून लेखात पिल्लांचा आकार आवर्जून नमूद करावा.