'नावडती' की 'नकोशी'? मात्सुकोला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी एक शब्द अडलाय. तेत्सुया नाकाशिमाचा २००६ चा जपानी सिनेमा आहे, मुनेकी यामादाच्या कादंबरीवरचा, नाव 'किरावारे मात्सुको नो इश्शो'. इंग्रजी नावात नुसत्या मात्सुकोच्या आठवणी उरल्यात, 'किरावारे' गायबच. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फुकुओकाकडची मात्सुको, जन्म १९४७ चा, शाळेत शिक्षिका, एका विद्यार्थ्याने केलेल्या चोरीपायी नोकरी जाते, घर सोडते, मग एकामागून एक पुरुष, मारझोड, देहविक्री, हातून खून, तुरुंग, आणि त्रेपन्नाव्या वर्षी टोकियोत नदीकाठी मेलेली सापडते. आणि हे सगळं गाणी, नाच, फुलं, भडक रंग यांच्यात. तर 'किरावारे'ला काय म्हणाल? तिरस्कृत, नकोशी की नावडती?

—

तिरस्कृत आधी बाद करा, अग्रलेखातला शब्द आहे तो, माणसाला कोणी तसं म्हणत नाही.
'नकोशी' मात्र जपून वापरा. आपल्याकडे त्याला जन्मापासूनचा अर्थ चिकटलाय, साताऱ्याकडे मुलींची नावंच नकुसा ठेवायचे आणि २०११ मध्ये तिथे अशा मुलींची नावं मुद्दाम बदलली, आठवत असेल. मात्सुको काही नको असताना झालेली पोर नाही. तिची अडचण म्हणजे धाकटी बहीण कुमी. ती कायम अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बापाचा सगळा जीव तिकडे. म्हणून 'नावडती'च बरोबर. नकोशी एकटीदुकटी असू शकते, पण नावडती म्हटलं की शेजारी एक आवडती हवीच, गोष्टीतल्या राण्यांसारखी. आणि नावडतीचं मीठ अळणी, हे तर या बाईच्या अख्ख्या आयुष्याला लागू पडतं!

—

थांबा हो. सिनेमा नीट पाहिलात ना? बाप गेल्यावर मात्सुको त्याची डायरी वाचते. तर त्यात रोजच्या नोंदीखाली लिहिलेलं, आज मात्सुकोचा काही निरोप नाही. रोज! मग ती नावडती कुठून? बापाची नाही, बहिणीची तर नाहीच नाही, कुमी शेवटपर्यंत ताईची वाट बघत होती. ती नावडती आहे हे तिनेच डोक्यात घेतलं आणि मग जे पुरुष भेटले त्यांनी ते खरं करून दाखवलं.

—

वरच्यांचा मुद्दा मान्य पण तो 'नावडती'च्या विरोधात जात नाही. 'किराउ' म्हणजे न आवडणं, तिटकारा असणं, त्याचं कर्मणी 'किरावारेरु', त्यातून 'किरावारे'. कर्मणी असल्याने कोणाला आवडत नाही ते सांगायची गरज पडत नाही. आपल्या 'नावडती'तही 'कोणाची' हे बोललं जात नाही, गृहीत धरलं जातं. आणि नेमकं तेच गृहीतक डायरीच्या सीनला कोसळतं. तेव्हा खोटा ठरणारा शब्दच शीर्षकात हवा, माझं तर तेच मत.

—

शब्दांचाच विषय आहे तर याला शोकांतिका म्हणायचं का? 'शोकसुखात्मिका' असा शब्द आहे खरा पण उच्चारताना दात पडतात. तो सीन आठवा, खून करून ती तामागावा कालव्यात जीव द्यायला जाते, का तर ओसामू दाझाई हा लेखक १९४८ मध्ये तिथेच बुडून गेला म्हणून. आणि बघते तर पाणी जेमतेम! तिथेच एक न्हावी भेटतो आणि ती चक्क त्याच्याबरोबर संसार थाटायला निघते. आता हसायचं की रडायचं सांगा.

—

चित्तरकथा म्हणा की! आपल्याकडे एखाद्याचे हालहाल झाले आणि तेही ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं असे, की आज्या म्हणायच्या काय बाई तिची चित्तरकथा. शब्द मुळात चित्रकथा, आणि या सिनेमाचे रंग बघता दोन्ही अर्थ बसतात.

बाय द वे तिचं ते तोंड करणं, लहानपणी बापाला हसवायला डोळे तिरळे करून तोंडाचा चंबू करते ते. त्याला कोणी 'वेडावून दाखवणे' लिहू नका. वेडावणं म्हणजे समोरच्याची टिंगल, आणि हिचं तोंड पुढे मोठेपणीही कोंडीत सापडली की आपोआप तसं होतं. मिकी नाकातानीने ते इतकं भारी केलंय की दुसऱ्यांदा हसू येत नाही.

—

अजून एक गंमत. मात्सुको प्रत्येकावर जीव ओवाळून टाकते. आणि लोकांच्या लेखी ती स्वतःच ओवाळून टाकलेली. एकच क्रियापद, एकात आरती आणि दुसऱ्यात उकिरडा. भाषांतर करणाऱ्याने हे सोडू नये.

—

आता राहिलं 'इश्शो'. मी आयुष्य लिहिणार होतो पण 'जन्म' जास्त बसतोय असं वाटतं, आपण अख्खा जन्म गेला म्हणतो तसा. 'नावडत्या मात्सुकोचा जन्म'?

—

नको, त्याने बाळंतपणाचा सिनेमा वाटेल :) 'नावडतीचा जन्म' एवढंच ठेवा, मात्सुको खाली लहान अक्षरात.