मदत हवी आहे: टीएलडी बॅजवर १८४ मिलीसिव्हर्ट, क्रोमोझोम टेस्ट करायला सांगितली आहे

स्लो_लोकल_कळवा:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

ठाण्यात एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये (एक्सरेवर बघत हृदयाच्या नळ्या तपासतात तिथे) मी अकरा वर्षं टेक्निशियन आहे. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा हा टीएलडी बॅज दर तिमाहीला तपासायला जातो, रिपोर्ट येतो, माझ्या नावापुढे शून्य नाहीतर पॉइंट काहीतरी. कोणी ढुंकूनही बघत नाही. परवा आरएसओंनी (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) बोलावून कागद पुढ्यात सरकवला. १८४. मी आधी दशांशचिन्ह शोधलं. नव्हतं. मिलीसिव्हर्ट म्हणजे किरणांच्या डोसचं माप. आपल्याकडे एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही, पाच वर्षांत मिळून १०० च्या वर नाही, आणि माझे तीन महिन्यांत १८४.

आता माझा गाढवपणा सांगतो. बॅजची क्लिप तुटली होती. नवी मागायचा कंटाळा, म्हणून चिकटपट्टी लावून तो किरण अडवणाऱ्या लेड ॲप्रनवर बाहेरून चिकटवला. (छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा असतो, माहीत आहे, ओरडू नका.) तो ॲप्रन जड, खांदा भरून येतो, म्हणून मी दुसरा हलका घालायला लागलो आणि हा टेबलाशेजारच्या स्टँडवर तसाच लटकत राहिला. मी काचेमागे कंट्रोल रूममध्ये, बॅज दिवसभर मशीनपाशी ड्यूटीवर!

हे सगळं लेखी द्यायला सांगितलंय आणि रक्त बीएआरसीकडे (भाभा अणुसंशोधन केंद्र) तपासायचंय. तोवर मला ओपीडीच्या रजिस्टरवर बसवलंय.

विचारायचं असं: या टेस्टमध्ये करतात काय? मध्ये मुतखड्यासाठी माझा पोटाचा सीटी झाला, त्याने घोळ होईल का? आणि खरी झोप उडालीय ती यामुळे की बायकोला पाचवा महिना आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. जाणकारांनी कृपया लिहावं.

घोडबंदरवासी:

काळजी नको. आमच्या इथल्या लॅबवाले घरी येऊन रक्त नेतात, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून देतात. बीएआरसीची वाट कशाला बघताय? आधीच करून टाका, मनाला शांती.

पेशीमोज्या:

कृपया तसं करू नका. खारघरला राहतो, पोटापाण्याचा धंदा गुणसूत्रं मोजण्याचाच, म्हणून जरा लांबण लावतो.

खाजगी लॅबमधला कॅरिओटाइप जन्मजात दोष बघायला, वारंवार गर्भपात होत असतील तर वगैरे. त्यात साधारण वीस पेशी मोजतात. तुम्हाला हवी ती वेगळी, डायसेंट्रिकची मोजणी. प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, शाळेच्या पुस्तकातला गुणसूत्रबिंदू. किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि तुटकी टोकं भलतीकडे जुळली, की दोन कंबरांचं एक गुणसूत्र तयार होतं. ते डायसेंट्रिक. निरोगी माणसात हजार पेशींमागे एखाददुसरं सापडतं, म्हणून पाचशे ते हजार पेशी बघाव्या लागतात. वीस पेशींत काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ शून्य.

रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणारं द्रव्य) नळीत घेतात. फ्रीझरमध्ये टाकायचं नाही, पेशी जिवंत पोचायला हव्यात. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एरवी निवांत असतात, त्यांना विभाजनाला उठवायला राजम्यातून काढलेलं एक द्रव्य घालतात आणि ३७ अंशांवर ४८ तास वाढवतात. शेवटी कोल्चिसिनसारखं औषध घालून पेशी ऐन विभाजनात थोपवतात. (अवांतर: कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं.) मग काचपट्टी, गिम्सा रंग आणि मान मोडेपर्यंत सूक्ष्मदर्शक. ४८ तासच का? कारण पहिलंच विभाजन पकडायचं असतं. दुसऱ्यापर्यंत गेलात की बरीच डायसेंट्रिक गळून जातात.

आता तुमचे १८४. तेवढा डोस खरंच सगळ्या अंगावर पडला असता तर हजार पेशींत पाच-दहा डायसेंट्रिक तरी दिसायला हवीत. एखाददुसरंच निघालं तर आकडा बॅजचा, तुमचा नाही. म्हणजे या बाबतीत नशीबवान आहात. बॅजवर ४० आले असते तर ही टेस्ट काहीच सांगू शकली नसती. साधारण १०० च्या खाली तिला नेहमीच्या एकदोनपेक्षा वेगळं काही दिसत नाही.

सीटीचे साधारण दहा मिलीसिव्हर्ट. त्याने चित्र बदलणार नाही, पण तारखेसकट लिहून द्या. सीटीच्या वेळी बॅज अंगावर नव्हता ना?

स्लो_लोकल_कळवा:

नव्हता. तो तेव्हाही स्टँडवरच होता.

गामा_रबाळे:

भाऊ, मी यातून गेलोय. आमचं काम औद्योगिक रेडिओग्राफीचं, किरणोत्सारी इरिडियम-१९२ चा कॅमेरा, वेल्डिंगच्या जोडांचे फोटो. एकदा उकाड्याने जॅकेट काढून पाइपाजवळ ठेवलं, बॅज त्यालाच, आणि रात्रभर एक्स्पोजर चालू. बॅजवर तीन आकडी डोस. साइटवरचा एकजण म्हणाला, हरवला म्हणून सांग. मी जे झालं तेच लिहून दिलं. रक्ताला थोडा वेळ लागला, पण सामान्य निघालं आणि परत कामावर घेतलं. खोटं सांगितलं असतं तर रक्ताशी जुळवणार कुठून?

स्टँडचा फोटो काढून जोडा. टेबलापासून किती फूट, तेही लिहा.

पेशीमोज्या:

वरील प्रतिसादाशी सहमत. आणि उशीर करू नका. डायसेंट्रिकवाल्या पेशी काळानुसार कमी होत जातात. काही वर्षांनी तपासलं तर ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) बघायला फिश पद्धत (चमकते रंग लावून बघायची) लागते, ती जास्त किचकट.

बाळाचं मुद्दाम वेगळं लिहितो. तुम्ही कामावर घेतलेला डोस घरी येत नाही, अंगाला चिकटत नाही. मोजायची आहेत ती रक्तातली गुणसूत्रं, बीजपेशींतली नव्हे. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला, त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढलेले आढळले नाहीत. तिथे अनेकांचे डोस तुमच्या बॅजपेक्षा जास्त होते.

कुर्डईताई:

मी एक्सरेतली नाही, पण दोन बाळंतपणं काढली आहेत. बायकोला आजच सांगा. तुम्ही रजिस्टरवर बसताय हे तिला बाहेरून कळलं तर १८४ पेक्षा मोठा आकडा ऐकाल.

स्लो_लोकल_कळवा:

ताई, काल रात्री सांगितलं. ती आधी पाच मिनिटं गप्प, मग विचारलं, "क्लिप केवढ्याची होती?"

सगळ्यांचे आभार. स्टँड मोजला: टेबलाच्या कडेपासून सव्वातीन फूट. चिकटपट्टीचा डाग ॲप्रनवर अजून आहे, त्याचाही फोटो जोडलाय. सीटीची तारीख लिहिली. गुरुवारी रक्त द्यायला जायचंय. ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने मानखुर्द, इथवर माहीत आहे. पुढे अणुशक्तीनगरला बस बरी की रिक्षा?

गामा_रबाळे:

रिक्षा. आधारकार्ड आणि हॉस्पिटलचं पत्र वरच्या खिशात ठेव, गेटवर बॅग उचकत बसावं लागत नाही.