दोनदा पिऊन सापडला, लायसन जमा आहे, तरी घरचे चावी देतात. काय करावं?

रात्रपाळीवाला (सातारा)

राम राम मंडळी. विषय घरातलाच आहे म्हणून नवीन आयडी काढलाय, ओळखलंत तरी गप्प बसा.

आमचा चुलतभाऊ, चाळिशीचा, शेती आणि जोडीला खडीचा थोडा धंदा. माणूस वाईट नाही पण संध्याकाळी सातनंतर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. दोन वर्षांपूर्वी थर्टीफर्स्टला पाचगणीहून येताना पसरणी घाट उतरला आणि नाकाबंदीत घावला. कोर्टात १० हजार भरले, सहा महिने लायसन गेलं, घरात सगळ्यांनी पोलिसांना शिव्या घातल्या, टार्गेट असतंय त्यांना वगैरे. यंदा लग्नसराईत परत वाढे फाट्यावर सापडला, ती केस चालू आहे आणि लायसन जमा आहे.

तर परवा रविवारी खंडाळ्यात साखरपुडा होता. मी रात्रपाळीला. येताना बोलेरो ह्यानंच चालवली, मागं माझी आई, काकू आणि बहिणीची दोन पोरं, आणि हा जेवणाआधी मांडवामागं जाऊन आलेला. आई सांगत होती की खंबाटकीत एका वळणावर गाडी कठड्याला घासायचीच राहिली, काकू झोपेतून दचकून उठल्या तर हा म्हणतोय काय नाय, खड्डा चुकवला.

काकूंना विचारलं तर म्हणतात "तो पिऊनसुद्धा नीट चालवतो रे, तू न पिता दोनदा ठोकलीस." (खरं आहे, एकदा गेटला आणि एकदा म्हशीला.)

माझं मत झालंय की दोनदा सापडला की लायसन कायमचं बंद, विषय संपला. पण घरात बोललो की मीच घरभेदी. कायद्यात कायमचं रद्द होतं का? आणि तुमच्याकडं लोक काय म्हणतात अशा माणसाला?

कोर्टाची_पायरी

वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मोटार वाहन कायदा कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. ह्यात सगळी गंमत त्या "किंवा" मध्ये आहे. पक्षकार येतो तोच विचारत, साहेब दंडावर मिटेल ना? आणि बऱ्याचदा मिटतं.

पण लोकांना एक कळत नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे हेल्मेटच्या पावतीसारखं मिटलं असं नाही, ती शिक्षा झालेली असते आणि पुढच्या वेळी तीच मोजली जाते. १८५ ला शिक्षा झाली की कोर्टानं लायसनवर निदान सहा महिने बंदी घालायची असते, कलम २०. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून पोलिस लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडं पाठवू शकतात, तिथं पहिल्या वेळी तीन महिने जातात आणि परत मिळवायला रिफ्रेशर ट्रेनिंग करावं लागतं, दुसऱ्या वेळी मात्र रद्दही होऊ शकतं. तुमच्या भावाचं आता हेच चालू असणार.

कायमचं म्हणाल तर "दुसऱ्यांदा सापडला की आपोआप रद्द" असं कुठंही नाही. कलम १९ मध्ये मात्र पोलिसांनी दुसऱ्या वेळी पाठवलेलं लायसन, आणि सराईत दारुड्याचं लायसन, आरटीओ रद्द करू शकतो असं लिहिलंय, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन. पण हा सराईत आहे हे आरटीओला सांगणार कोण? घरचे सांगत नाहीत, शेजारी वाईटपणा घेत नाहीत.

दहाचाकी

२२ वर्षं झाली हायवेवर, शिरवळ ते कागल रस्ता डोळे झाकून सांगतो (झाकत नाही, म्हणायचं आपलं). आमच्यात पिऊन चालवणारा ड्रायव्हर कळला की शेठ दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतो, गाडी ४० लाखाची असती. पण कायमचं रद्द करा म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, रद्द कुणाचं होणार? नाक्यावर माझा ट्रक थांबवतात, नळी तोंडात देतात, फुंक अजून, जोरात फुंक, शून्य आलं की मग कागद बघतात. तेवढ्यात मागून पांढरी मोठी गाडी येती, काच अर्धी खाली, फोन बाहेर, "साहेब बोला". बोलून झालं की गाडी गेली. पुण्यात २०२४ ला पोर्शचं बघितलंच की सगळ्यांनी, दोन इंजिनियर पोरं गेली आणि त्या पोराला आधी ३०० शब्दांचा निबंध, वर रक्ताची बाटलीच बदलल्याचं निघालं. ज्याचं पोट लायसनवर आहे त्याचं जाणार आणि ज्याची हौस आहे तो ड्रायव्हर ठेवून मोकळा.

आणि २०१७ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरातली दुकानं बंद केली तेव्हा आम्हाला वाटलं आता सुधारणार. त्याच वर्षी शहराच्या हद्दीतल्यांना लागू नाही म्हणून खुलासा आला आणि परत मागचे पाढे. माझं म्हणणं लायसनपेक्षा गाडी धरा, सहा महिने पोलिस स्टेशनच्या आवारात गंजू दे, मग बघा घरचेच कसे चावी लपवतात.

भाई_११

एवढं काय नसतंय ओ, एक क्वार्टरनं काय होत नाही, उलट हात मोकळा चालतो 😀 घाटाची सवय पाहिजे फक्त

दहाचाकी

भाई तू कुठल्या टायमाला निघतोस तेवढं सांग, मी त्या दिवशी गाडी लावून झोपतो.

कराडकर_परदेशी

मी सध्या मिनेसोटात आहे. इथं परत परत सापडणाऱ्याच्या गाडीला वेगळी नंबर प्लेट लावतात, पांढरी, डब्ल्यूनं सुरू होणारी. लोक तिला व्हिस्की प्लेटच म्हणतात. गाडी घरातल्या दुसऱ्या कुणी चालवली तरी पाटी तीच, म्हणजे बायको भाजी आणायला गेली तरी अख्ख्या गावाला कळतं. दुसरं म्हणजे गाडीत फुंकायचं यंत्र बसवतात, दारूचा वास आला की इंजिन चालूच होत नाही. ह्या यंत्राचे कायदे अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत आहेत आणि फायदा हा की माणसाची नोकरी जात नाही, फक्त पिऊन चालवणं बंद होतं. माझा रूममेट म्हणतो पाटी जुलमी आहे, बायकोपोरांना का शिक्षा. मला पटतं पण आणि पटत नाही पण. आपल्याकडं अशी पाटी आली तर मित्रमंडळी तिच्यासोबत सेल्फी काढतील ही भीती वेगळीच.

गोडोलीची_वहिनी

सगळं वाचलं. बरीच वर्षं हे घरात काढलंय म्हणून लिहिते. लायसन हा कागद आहे भाऊ, गाडी चावीवर चालते. मी चावी तांदळाच्या डब्यात खोल घालून ठेवायचे, वर मापटं. चार दिवस शोधली, मग गप्प बसला, मला वाटलं जिंकले. नंतर कळलं यांनी डुप्लिकेट करून घेतलेली आणि ती चपलांच्या रॅकमागं खिळ्याला.

मग एक दिवस पहाटे दूध घालणारा मुलगा, सायकलवर दोन कॅन. पाय मोडला त्याचा, दोन ठिकाणी. मी पोचले तेव्हा रस्ताभर दूध आणि कॅनचं झाकण लांब गटारीपाशी, आणि हे कट्ट्यावर बसून म्हणतायत त्याच्याकडं लाईट नव्हता. नव्हता लाईट. पण पहाटे साडेपाचला यांच्याकडं कुठली शुद्ध होती?

त्यानंतर मी "परिवर्तन"ला नेलं, आपल्या साताऱ्यातलंच, डॉ. दाभोलकरांनी सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. एकदा परत घसरले, परत नेलं. आता तीन वर्षं होतील. लायसन आहे पण गाडीला हात लावत नाहीत, मीच चालवते आणि हे शेजारी बसून ब्रेक दाब ब्रेक दाब करतात. म्हणून सांगते, नुसतं लायसन काढून हा माणूस थांबत नाही, आजार आहे तो. पण आजारी आहे म्हणून त्याच्या हातात पोरंबाळं भरलेली गाडी द्यायची हे पण कुठलं शहाणपण.

आणि रात्रपाळीवाले भाऊ, राग मानू नका, पहिल्यांदा सापडला तेव्हा सोडवायला फोन कुणी केले होते?

रात्रपाळीवाला (सातारा)

वहिनी, दोन दिवस उत्तर दिलं नाही त्याचं कारण तुमचा शेवटचा प्रश्न. वर मी दोनदा लिहिलंय ते खरं म्हणजे तीनदा आहे. सगळ्यात आधी एकदा गणपतीत अडवला होता, तेव्हा मीच एका ओळखीच्याला फोन लावला आणि दम देऊन सोडून दिला. त्याची कुठं नोंद नाही. मी तेव्हा हॉटेलात बसून सगळ्यांना भारी सांगितलेलं, एका फोनवर काम केलं म्हणून.

वकीलसाहेब, तुम्हाला मेसेज केलेला त्याबद्दल आभार. बोलेरो काकांच्या नावावर आहे. त्यांना सांगितलं लायसन नसणाऱ्याच्या हातात गाडी दिली तर मालकाला ५ हजार दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. काका म्हणाले ५ हजार ना, बघू. पोरांचं सांगितलं, आईचं सांगितलं, मान हलवत होते. मग तुम्ही सांगितलेलं विम्याचं काढलं, की उद्या कुणी मेलं तर कंपनी त्यांना पैसे देईल आणि मग तुमच्याकडनं वसूल करेल, कोर्टातनं, सातबाऱ्यापर्यंत. तेव्हा काका तंबाखू मळायचे थांबले. "विहिरीकडचं पण?" एवढंच विचारलं.

चावी आता काकांच्या बंडीच्या खिशात असते, झोपताना पण. वहिनींचं वाचून चपलांचा रॅक पण हलवून बघितला. भावाशी बोलणं बंद आहे, काकू मला चहा विचारत नाहीत. परिवर्तनचं त्याच्यासमोर काढायची हिंमत अजून झाली नाही, आधी काकांकरवी बघतो.

बाकी येत्या रविवारी सगळ्यांना पालीला खंडोबाला जायचंय आणि मला परत रात्रपाळी. कुणाच्या माहितीत एका दिवसासाठी न पिणारा ड्रायव्हर असेल तर मेसेज करा, जेवण आमच्याकडं.