जागलीवर, एसटीत, चुलीपाशी: तुम्ही वाचलेली विज्ञानकथा

गावच्या वाचनालयातलं एक कपाट उधईनं खाल्लं. पुस्तकं गेली, कपाट दुरुस्त झालं, आता ते रिकामं आहे. सरपंचताई म्हणाल्या, पाच हजार देते, पोट्ट्यांना गोडी लागेल असं काहीतरी आणा. मी म्हटलं, विज्ञानकथा आणू. त्यांनी विचारलं, "म्हणजे दहावीचे गाईड का जी?"

म्हणून हा धागा. नुसती नावं लिहू नका. लेखक कोण, पुस्तक कोणतं, कुठं बसून वाचलं आणि डोक्यात काय राहिलं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. दिग्रसकडं आमचं वावर आहे. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात म्हणून थंडीत जागलीला जायचो. अकरावीत होतो. मचाणावर वाकळ पांघरून, बॅटरी तोंडात धरून जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' वाचलं. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही डाव्या-उजव्याची कथा आहे. आरशात दिसतो तसा अख्खा माणूसच उलटा होऊन येतो. संपल्यावर आधी छातीवर हात ठेवून काळीज डावीकडेच आहे ना ते पाहिलं. तेवढ्यात रोह्यांनी धुऱ्याकडचा पट्टा साफ केला होता. सकाळी बाबांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नारळीकरांची पहिली कथा 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! नाव पाहून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालंच.

सिंदेवाहीची सून

माझं पुस्तक एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', १८९८ चं. कॉलेजात असताना इंग्रजीतून वाचलं, अर्धं समजलं. उरलेलं २ एप्रिल २०२२ ला समजलं.

त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्रीचे आठ वाजायला आले होते, मी अंगणात भांडी घासत होते. आभाळातून जळत्या रेघा गेल्या. एक नाही, पुष्कळ, एकामागोमाग एक, आणि विमानापेक्षा सावकाश. मामाजी म्हणाले, "हात जोड, तारा तुटला." मी राखेचे हात तसेच जोडले. थोड्या वेळानं फोनवर फोन. आमच्याच तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. आजूबाजूच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. पुढे पेपरात आलं की चिनी रॉकेटचे तुकडे असावेत.

वेल्सच्या कादंबरीत इंग्लंडातल्या एका माळावर असंच आभाळातून नळकांडं पडतं. लोक पळत नाहीत, उलट पाहायला गर्दी करतात. एक मिठाईवाला आपल्या पोराला सफरचंदं आणि जिंजर बिअर घेऊन तिथं गाडी लावायला पाठवतो! वाचताना मला ते खोटं वाटलं होतं. त्या रात्री आमच्या गल्लीतली माणसं कडं पाहायला ट्रॅक्टर काढत होती, तेव्हा खोटं वाटेनासं झालं. फक्त वेल्सच्या नळकांड्याचं झाकण आतून फिरायला लागतं. आमच्या कड्यात कोणी नव्हतं, ते बरं.

कपाटात वेल्स पाहिजेच. 'टाइम मशीन' लहान आहे, तिथून सुरू करू द्या.

निवृत्त कंडक्टर

ताईचं वाचून १९७९ आठवलं. स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेचं अंतराळस्थानक, पडणार, आपल्याच गावावर पडणार, अशी आवई. लोकांनी कोंबड्या कापल्या, उधारी फेडायचं थांबवलं. आमच्या मोठ्या मायनं चांगल्या तुपाचा डबा काढला. म्हणे, कोणासाठी ठेवू आता? ११ जुलैला स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडं पडलं आणि घरात तूप राहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात शाळेतल्या सरांनी भा. रा. भागवतांचं 'चंद्रावर स्वारी' हातात दिलं. मूळ लेखक जूल्स व्हर्न, साल १८६५. तोफेच्या गोळ्यात बसून माणसं चंद्राकडं जातात आणि तोफ असते फ्लोरिडात. अपोलो ११ सुटलं तेही फ्लोरिडातूनच, १९६९ ला. हे सरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. भागवतांचं मराठी असं, की व्हर्न पुण्याच्या पेठेत राहायचा असं मला बरेच दिवस वाटत होतं. 'समुद्रसैतान'सुद्धा घ्या.

काळी माती

अँडी वीअरचं 'द मार्शियन'. आधी लेखकानं स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण टाकलं, २०११ ला स्वतःच पुस्तक काढलं. गोष्ट अशी की मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे लावतो.

मी मोबाइलवर वाचायचो आणि रात्री जेवताना बाबांना सांगायचो. बाबा चौथी शिकलेले. त्यांचा पहिला प्रश्न, "बेणं कुठून आणलं त्यानं?" म्हटलं, सणाच्या जेवणासाठी पाठवलेले कच्चे बटाटे होते सोबत. "खत?" म्हटलं, माणसांचंच. बाबांनी घास खाली ठेवला, पण मान डोलावली. "सोनखत हाय ते. आन् पाणी?" रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून, जाळून पाणी करतो, म्हटलं. आई म्हणाली, "आपल्या डीपीवरची लाइन रातच्याले येते, त्याच्यापरीस बरं." चार दिवसांनी बाबांनीच विचारलं, "कावून रे, तुह्या त्या मंगळवाल्याचं पीक आलं का?"

त्याचा तंबू फुटून पीक गेलं, हे सांगितलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. हात धुवायला उठले.

परतवाडा फाटा

जरा उलटं बोलतो, राग मानू नका. नारळीकर मोठेच, पण त्यांच्या कथांत माणसं पुष्कळदा फळ्यासमोर उभी राहून बोलतात. मला लक्ष्मण लोंढे जास्त भिडले. 'दुसरा आइनस्टाइन' वाचा, आणि चिंतामणी देशमुखांबरोबर लिहिलेली 'देवांसि जिवें मारिलें' ही कादंबरी. सुबोध जावडेकर घ्या, बाळ फोंडके घ्या. नारायण धारपांना लोक भुताखेतांचे म्हणून ओळखतात, पण त्यांची 'नेनचिम' आणि 'गोग्रॅमचा चितार' वाचलीत का? आणि अरुण साधू! राजकारणावर लिहिणारे म्हणून माहीत, पण 'विप्लवा' ही त्यांची विज्ञान कादंबरी. जन्म आमच्या परतवाड्याचा. इथं एसटी स्टँडवर विचारलं तर दहांत एकाला सांगता येणार नाही.

भारनियमन

आयझॅक असिमॉव्हची 'नाइटफॉल', १९४१. सहा सूर्य असलेला ग्रह, दोन हजारांवर वर्षांनी एकदाच अंधार होतो आणि चांदण्या पाहून लोक वेडे होतात. आमच्या गावी पाठवा म्हणा त्यांना. इथं रोज होतं, कोणी वेडं झालं नाही. कथा मात्र भारी.

बोंडअळीग्रस्त

२०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी गेली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं, कवडी. बीटी आहे, अळी लागत नाही, असं ज्या दुकानात सांगितलं होतं त्याच दुकानात फवारणीचं औषध घ्यायला रांगेत उभा होतो. उलंगवाडी दिवाळीनंतर लगेच झाली, वेचायला काही नव्हतंच.

त्या रिकाम्या हिवाळ्यात शिकायला पुण्यात असलेल्या भाच्यानं जॉन ख्रिस्तोफरचं 'द डेथ ऑफ ग्रास' दिलं, १९५६ चं. एक विषाणू आधी भात मारतो, मग रूप बदलून गहू, जव, सगळं गवत. मी शब्दकोश घेऊन बसलो, दीड महिना लागला. मध्येच वहीत हिशेब मांडला की हा रोग इथं आला तर काय राहील. ज्वारी गवतच, गेली. गहू, मका, ऊस, गेले. धुऱ्यावरचं कुंदाही गेलं, ते चालेल. तूर राहील, हरभरा राहील, सोयाबीन राहील. आणि कापूस राहील. म्हणजे नेमकं जे खाता येत नाही ते.

गोष्टीतला माणूस चांगला असतो. भावाच्या वावरापर्यंत पोचेस्तोवर तो काय काय करतो, ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. लहान पोरांना देऊ नका. सरपंचताईंना द्या.

खारपाणपट्टा

फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून', १९६५. पाणी नसलेल्या ग्रहावर समोरच्यापुढं थुंकणं म्हणजे मान देणं, कारण अंगातलं पाणी दिलं. आमच्याकडं बोअरला पाणी लागतं पण चूळसुद्धा भरवत नाही. पाहुण्याला टँकरचं गोडं पाणी देतो आणि तो अर्धा पेला टाकून जातो. पुस्तक जाड आहे, दोन पावसाळे पुरतं.

धागाकर्ता

यादी पक्की करून आलो. नारळीकर, भागवत, लोंढे, फोंडके, जावडेकर, 'विप्लवा' बसले. वेल्सचा मराठी अनुवाद शोधतो आहे. 'द मार्शियन' इंग्रजीच घेतलं, काळी मातीवाल्या भाऊंनी रविवारी येऊन गोष्ट सांगायचं कबूल केलंय, वडिलांनाही घेऊन या म्हटलं. 'नेनचिम'ची प्रत काही सापडेना. कोणाकडं असेल तर दारव्ह्याच्या एसटीत कंडक्टरकडं द्या, मी फाट्यावर उभा राहतो.