लिहितात बोटस्वेन, म्हणतात बोसन: तुमच्याकडचे असे शब्द सांगा

खाडीपल्याड:
काल माळा आवरताना बाबांची सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, सापडली. रँकच्या रकान्यात 'बोसन'. लगेच शाळेतलं आठवलं. धड्यात हा शब्द आला होता, बोटीला स्वेन जोडून लिहिलेला, आणि सर तो अक्षर न् अक्षर वाचून घ्यायचे. घरी येऊन बाबांना म्हणून दाखवला. ते म्हणाले, "बोटीवर असा हाक मारलास तर कोण वळून बघणार नाय." बाबा सातवी शिकलेले, पण उच्चार त्यांचाच बरोबर होता! स्वेन म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत पोरगा, चाकर. बाबा डेकवरच्या खलाशांचे मुकादम. दोर, नांगर, गंज खरवडणं, रंग, सगळं त्यांच्याकडे. फार अभिमान वाटला काल. तुमच्याही घरात असे शब्द असतील, लिहा.

मावळतीचा वारा:
आमचे आजोबा सारंग होते. गोऱ्यांच्या कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशी असत, त्यांचा बोसन म्हणजे सारंग. मूळ फारसी सरहंग. हाताखाली टिंडाल, म्हणजे आपला तांडेलच. आजोबांच्या हातांना काथ्याच्या दोराने घट्टे पडले होते, आम्ही मुलं बोट फिरवून बघायचो.

सई_पनवेल:
फोक्सल!! नवरा सेकंड ऑफिसर आहे. लग्नानंतर फोनवर सारखं "फोक्सलवर होतो". स्पेलिंग बघितलं तर फोर आणि कॅसल, म्हणजे पुढचा किल्ला. मध्ययुगात गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खरोखरच बुरुजासारखा चौथरा बांधायचे, तिथून तिरंदाज बाण मारायचे. आता तिथे नांगराचं यंत्र असतं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

देशावरचा:
कर्नल चालेल का? साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाच्या शेजारचं गाव आमचं, घरटी एक फौजी. स्पेलिंगमध्ये र औषधालाही नाही. इटालियन कोलोनेल्लो, फ्रेंचांनी केलं कोरोनेल, सोळाव्या शतकात इंग्रजीत दोन्ही चालायचे. शेवटी स्पेलिंग एकाचं राहिलं, उच्चार दुसऱ्याचा. आमच्या आज्जीला एबीसीडी येत नव्हती पण "कर्नलसायबांचं पत्र आलंय" एकदम स्वच्छ म्हणायची.

मीनाक्षी_ठाणे:
@खाडीपल्याड सीडीसी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका हो, ओल धरते. सुती कापडात गुंडाळा, कडुलिंबाचा पाला घाला. माझ्या सासऱ्यांची कागदपत्रं अशीच गेली.

खाडीपल्याड:
आजच करते ताई. शिक्के अजून वाचता येतात, डर्बन, रॉटरडॅम, कोबे.

चँडलर:
विटल्स, म्हणजे शिधा, राहिलं. आमचा धंदा जहाजांना शिधा पुरवायचा. वडिलांच्या वेळच्या जुन्या बिलांवर व्हिक्ट्युअल्स असं लिहिलेलं, पण तोंडी विटल्स. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात क नव्हता. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून लिहिण्यात घुसवला, बोलणाऱ्यांनी काही ऐकलं नाही. बरोबरच केलं. गनवेल (बोटीच्या बाजूची वरची कड) लिहून गनल म्हणतात तेही असंच वापरून झिजलेलं. रोज ज्याच्या जिभेवर शब्द आहे त्याचाच उच्चार खरा, माझं ठाम मत.

आजी_ह्यूस्टन:
आमच्याकडे लेफ्टनंटवरून रोज भांडण! हे नौदलातून निवृत्त, नातू इथे जन्मलेला, तो लूटेनंट म्हणतो. इंग्लंडात लेफ्, अमेरिकेत लू, दोघंही बरोबर असं मी सांगते, पण जेवायच्या टेबलावर कोणी हटत नाही 😄

देशावरचा:
आजोबांना सांगा, सातारा त्यांच्या बाजूने आहे.

आजी_ह्यूस्टन:
सांगितलं! खूश झालेत. विचारतायत बोसनकाकांकडे शिट्टी होती का? नौदलात अधिकारी जहाजावर चढताना बोसनची शिट्टी वाजवतात ना, ते स्वतः शिकले होते. तळहातात धरून बोटं उघडझाप करत सूर बदलायचा.

खाडीपल्याड:
नाही हो, बाबा मालवाहू बोटींवर. तिथे वॉकीटॉकी, आणि बाबांचा आवाज.

मावळतीचा वारा:
गाव कुठलं तुमचं? आम्ही जयगडचे.

खाडीपल्याड:
पूर्णगड. व्यनि (खासगी निरोप) करते, बाबांबरोबर जयगडचे बरेच जण होते.