मदत हवी आहे: मला नक्की कितवा महिना चालू आहे?

नमस्कार मैत्रिणींनो, मी कोथरूडला राहते, पहिलीच वेळ आहे. शेवटची पाळी १२ जानेवारीला आली होती. त्या हिशोबाने आज, १५ जूनला, २२ आठवडे पूर्ण झाले. म्हणजे पाच महिने संपून सहावा लागला ना? चार आठवड्यांचा महिना धरला तर साडेपाच भरतात, तिथेच गोंधळ होतो.

त्यातून माझी पाळी ३५-४० दिवसांनी येते, आणि पहिल्या सोनोग्राफीत बाळ दहा दिवसांनी लहान दिसलं. मग प्रसूतीची तारीख १९ ऑक्टोबर धरायची की २९? सासूबाईंना सातव्यात डोहाळजेवण करायचंय, साताऱ्याहून आत्या येणार आहेत, म्हणून दिवस ठरवायचाय. डॉक्टरांची पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे. पाळी अनियमित असणाऱ्यांनी कसं मोजलंत? प्लीज सांगा.